शंभरांतली किती माणसं?

या वेळच्या पत्रांचा गठ्ठा वाचताना जाणवलं, की जवळजवळ प्रत्येक पत्राच्या मुळाशी एक आकडा आहे. कुणाला रिपोर्टमधल्या आकड्याची धास्ती, कुणाला बातमीतल्या टक्केवारीची आशा. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, एकतीस वर्षं रिपोर्टांवर सह्या करते आहे, त्यामुळे आकड्यांशी माझं रोजचं नातं. पण त्यांच्याकडे कसं बघायचं, ते मी एका चुकीतून शिकले.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. रात्रपाळीत एका पेशंटचं पोटॅशियम ६.८ आलं. एवढं पोटॅशियम म्हणजे हृदयाचा ठोका कधीही बिघडू शकतो. मी तातडीनं सही करून रिपोर्ट वॉर्डात पाठवला, तिथे धावपळ सुरू झाली. पेशंट मात्र स्वस्थ बसून होता आणि त्याचा ईसीजीही स्वच्छ होता. वॉर्डातल्या सिनियर डॉक्टरांनी फोन करून एवढंच विचारलं, "नळी पाहिलीस का?" मी यंत्राचा पडदा पाहिला होता, नळी पाहिली नव्हती. वरचा द्रव पिवळसर असायला हवा होता, तो गुलाबी होता. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या होत्या आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर सांडलं होतं. दुसऱ्या नमुन्यात ४.३ आलं. हा आकडा आला कुठून, हे आधी विचारायची सवय मला त्या रात्री लागली. खालची उत्तरं त्याच सवयीनं लिहिली आहेत.

प्रश्न: डॉक्टर मॅडम, माझं वय ४२. काही त्रास नसताना ऑफिसतर्फे संपूर्ण तपासणी झाली. साठ चाचण्यांपैकी चार आकडे ठळक छापून आले: आरडीडब्ल्यू १४.८, इओसिनोफिल ७ टक्के, बिलिरुबिन १.४ आणि एलडीएल कोलेस्टेरॉल १६२. बाकी यकृत, हिमोग्लोबिन सगळं ठीक आहे. रात्री इंटरनेटवर वाचत बसले आणि रक्ताच्या कॅन्सरपर्यंत पोचले. आता झोप येत नाही.

उत्तर: आधी तो ठळक छाप कसा ठरतो ते सांगते. चाचणीची 'नॉर्मल' मर्यादा ठरवण्यासाठी साधारण १२० किंवा जास्त निरोगी माणसांचं रक्त तपासतात, आकडे चढत्या क्रमानं लावतात, आणि वरचे अडीच टक्के व खालचे अडीच टक्के सोडून देतात. मधे उरलेल्या ९५ टक्क्यांची ती मर्यादा. म्हणजे शंभर निरोगी माणसांतली पाच माणसं प्रत्येक चाचणीत मर्यादेबाहेर पडणार, हे त्या पद्धतीतच ठरलेलं आहे. ती पाच माणसं आजारी नाहीत, ती नुसती कडेला उभी आहेत.

आता एकाच माणसाच्या वीस चाचण्या करा. सगळ्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरलं, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता ६४ टक्के होते. साठ चाचण्यांत ती ९५ टक्क्यांवर जाते, आणि सरासरी तीन आकडे बाहेर पडतात. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी थोड्याफार बांधलेल्या असतात, त्यामुळे हिशेब थोडा हलतो, पण चित्र तेच राहतं. तुमचे चार आले आहेत.

एकेक पाहू. बिलिरुबिन १.४ आणि बाकी यकृताच्या चाचण्या ठीक, हे गिल्बर्ट नावाच्या निरुपद्रवी जन्मजात वैशिष्ट्याचं अगदी नेहमीचं रूप आहे. शंभरांतल्या पाचेक माणसांत ते असतं. उपाशी राहिलं की या माणसांचं बिलिरुबिन आणखी वाढतं, आणि तुम्ही रक्त दिलंत ते रात्रभर उपाशी राहूनच. इओसिनोफिल म्हणजे अॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या ७ टक्के म्हटल्यावर मी सकाळच्या शिंका, अंगावर उठणाऱ्या गांध्या यांची चौकशी करते, आणि टक्क्यांऐवजी त्या पेशींची प्रत्यक्ष संख्या बघते. आरडीडब्ल्यू म्हणजे तांबड्या पेशींच्या आकारातली तफावत. हिमोग्लोबिन चांगलं असताना १४.८ नं काही बिघडत नाही, मात्र पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर फेरिटिन एकदा तपासून घ्या. शरीरातला लोहाचा साठा हिमोग्लोबिनच्या आधी रिकामा होतो.

राहिलं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल, आणि तुमच्या चार आकड्यांत माझं लक्ष जातं ते नेमकं याच्याकडे. ते छापलंय बाकीच्या तिघांसारखंच, त्याच शाईत, पण त्याची मर्यादा वेगळ्या रीतीनं ठरते. निरोगी माणसांचे आकडे रांगेत लावून ती आलेली नाही. कुठल्या पातळीच्या माणसांना पुढच्या वर्षांत हृदयविकार जास्त झाला, यावरून ती ठरवली आहे. २००६ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पीसीएसके-९ नावाच्या जनुकातल्या एका फरकामुळे काही गोऱ्या लोकांचं एलडीएल जन्मापासून १५ टक्के कमी होतं, आणि त्यांच्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार ४७ टक्के कमी आढळला. थोडीशी घट, पण आयुष्यभराची. म्हणून १६२ हा आजचा धोका कमी आणि पुढच्या तीस वर्षांचा हिशेब जास्त आहे. रक्तदाब, तंबाखू, साखर, आणि घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला होता का, हे घेऊन डॉक्टरांकडे जा. बाकीच्या तीन आकड्यांसाठी झोप घालवू नका.

प्रश्न: माझं वय ३८. पाळीत खूप रक्तस्राव होतो, हिमोग्लोबिन ९.४ आहे. 'तीन महिन्यांची साखर' ६.६ आली, म्हणजे डायबिटीस झाला असं सांगण्यात आलं. पण उपाशीपोटी साखर ९२ आणि जेवणानंतर १२८ आहे. कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवू?

उत्तर: तुम्ही दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघितलेत, हे फार बरं केलंत.

१९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर हे संशोधक हिमोग्लोबिनचे प्रकार तपासत होते. काही नमुन्यांत त्यांना एक वेगळाच पट्टा दिसला, आणि ती माणसं डायबिटीसची निघाली. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटून बसते, त्याचा तो पट्टा. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढे दिवस तिच्यावर साखर चढत राहते. म्हणून एचबीए१सी, म्हणजे तुमची 'तीन महिन्यांची साखर', ही साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची नोंदवही मानतात.

पण ही वही पेशींच्या वयावर चालते. शरीरात लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी बनतात आणि रक्तात जुन्या, जास्त साखर चढलेल्या पेशींचं प्रमाण वाढतं. साखर ठीक असूनही आकडा वर सरकतो. उलट पेशी लवकर फुटत असतील, नुकतंच रक्त दिलं किंवा चढवलं असेल, तर तो खोटाच कमी येतो.

डायबिटीसची रेषा ६.५ वर आहे, आणि लक्षणं नसताना एका आकड्यावर निदान करत नाहीत, दोन चाचण्या जुळाव्या लागतात. तुमच्या तर एकमेकींच्या विरोधात आहेत. अशा वेळी थेट साखरेवर विश्वास ठेवायचा. शंका उरली तर ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची चाचणी करून घ्या. लोहाचे उपचार पूर्ण होऊन नव्या पेशी आल्या, की तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा.

मला काळजी वाटते ती ६.६ ची नाही, ९.४ ची. त्या रिपोर्टमध्ये खरा आजार तो आहे आणि त्याच्याबद्दल तुम्हाला कुणी काही बोललेलं पत्रात दिसत नाही. इतका रक्तस्राव का होतो, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून शोधून घ्या. बायका वर्षानुवर्षं हा थकवा अंगावर काढतात, आणि रिपोर्टमध्ये सगळ्यांची नजर साखरेवर जाऊन थांबते, याचा मला मनापासून त्रास होतो.

प्रश्न: माझ्या आईला, वय ७१, अल्झायमरची सुरुवात असल्याचं निदान झालं आहे. लेकानेमॅब हे नवीन औषध आजार २७ टक्क्यांनी कमी करतं असं वाचलं. घर विकावं लागलं तरी चालेल, पण हे औषध तिला द्यावं असं मला वाटतं. तुम्ही काय सांगाल?

उत्तर: माझ्या वडिलांना हा आजार होता. शेवटच्या वर्षांत ते मला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारायचे. त्या वेळी असं कुठलंच औषध नव्हतं, आणि कुणी मला '२७ टक्के' म्हटलं असतं, तर मीही तुमच्यासारखंच सगळं पणाला लावायला निघाले असते. म्हणून हा आकडा तुमच्यासमोर सावकाश उलगडते.

चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातले १,७९५ लोक होते. निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषध नसलेलं सलाईन, दीड वर्षं. आजार किती वाढला, हे ० ते १८ गुणांच्या पट्टीवर मोजलं. गुण जितके जास्त, तितका आजार जास्त. सुरुवातीला दोन्ही गटांची सरासरी तीनच्या थोडी वर होती. दीड वर्षानं औषध न मिळालेल्यांचे गुण १.६६ नी वाढले, औषध मिळालेल्यांचे १.२१ नी. फरक ०.४५. हा ०.४५ त्या १.६६ चा २७ टक्के, बातमीतला आकडा तो. म्हणजे दोन्ही गट खालावले, औषधाच्या गटाचा उतार थोडा कमी होता. कुणाची स्मृती २७ टक्के परत आली, असा त्याचा अर्थ होत नाही.

या पट्टीत सहा भाग आहेत: स्मरण, वेळ-जागेचं भान, निर्णयशक्ती, बाहेरचे व्यवहार, घरातली कामं आणि छंद, स्वतःची निगा. बहुतेक भागांत सर्वांत लहान पायरी अर्ध्या गुणाची असते. सरासरी फरक त्या एका पायरीहूनही किंचित लहान आहे. सरासरीच्या पोटात कुणाला जास्त लाभ झाला असेल, कुणाला काहीच नाही. काही तज्ज्ञ म्हणतात, उतार काही महिने पुढे ढकलला गेला तरी ते महिने मोलाचे आहेत. दुसरे म्हणतात, एवढा फरक घरच्यांच्या लक्षातही येणार नाही. दोन्ही बाजूंना जाणती माणसं आहेत.

आता दुसरं पारडं. औषध घेतलेल्या हजारातल्या १२६ जणांच्या मेंदूत स्कॅनवर सूज दिसली, औषध न घेतलेल्या हजारात १७ जणांच्या. बहुतेकांना ती जाणवलीही नाही, पण काहींना डोकेदुखी, गोंधळ, दृष्टीचा त्रास झाला, आणि क्वचित ती जिवावर बेतू शकते. एपीओई-४ या, अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांत सूज साधारण तिघांतल्या एकाला दिसली. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर मेंदूत रक्तस्रावाची भीती वाढते. शिवाय दर दोन आठवड्यांनी सलाईन आणि मधूनमधून एमआरआय आलेच.

मी या औषधाला कमी लेखत नाही. या आजारात मेंदूत साचणारी अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची पुटं औषधानं खरोखर साफ होतात, हे स्कॅनवर दिसलं, आणि तीसेक वर्षांच्या अपयशांनंतर हे घडलं आहे. पण पुटं इतकी साफ होऊनही उतार इतका थोडाच मंदावला, हेही त्याच चाचणीनं दाखवलं.

मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा: आईच्या मेंदूत अमायलॉइड आहे हे स्कॅननं किंवा पाठीतल्या पाण्याच्या तपासणीनं सिद्ध झालंय का? जनुकाची चाचणी झाली आहे का? एमआरआयमध्ये जुन्या सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा आहेत का? या तिन्हींची उत्तरं येईपर्यंत घराचा व्यवहार थांबवा, ही माझी हात जोडून विनंती. आजार वाढेल तशी तिच्याजवळ माणूस लागेल, आणि त्या वर्षांना पैसे लागतात. दरम्यान तिचे कान तपासा. बी-१२ आणि थायरॉइड पाहा, झोपेच्या किंवा अॅलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा, कारण त्यातल्या काही गोळ्या विसराळूपणा वाढवतात. ऐकू येत नसलेलं माणूस संभाषणातून बाहेर पडतं आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. माझ्या वडिलांच्या बाबतीत हे मला फार उशिरा कळलं.

प्रश्न: डॉक्टरताई, मी ६८ वर्षांचा निवृत्त शिक्षक. नातवानं मोबाईलवर बातमी दाखवली, की नागिणीची लस घेतल्यानं स्मृतिभ्रंश टळतो. नागीण कुठे, मेंदू कुठे! यात तथ्य आहे का?

उत्तर: सर, अशा बातम्या मी सहसा बाजूला ठेवते. कारण साधं आहे. लस आपणहून घेणारी माणसं एरवीही तब्येतीला जपणारी असतात. त्यांना आजार कमी झाला, तर श्रेय लशीचं की स्वभावाचं, हे सुटत नाही. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हा गुंता इतक्या सुरेख रीतीनं सोडवला आहे, की तुम्हा शिक्षकाला सांगताना मला आनंद होतोय.

वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ ला नागिणीची लस सुरू झाली. लस पुरवून वापरायची म्हणून नियम केला, की २ सप्टेंबर १९३३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ती मिळेल आणि त्याआधी जन्मलेल्यांना कधीच मिळणार नाही. विचार करा. एक जण ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेला, दुसरा सप्टेंबरच्या पहिल्या. दोघांची शाळा, युद्धातलं बालपण, सवयी, पैसा, तब्येत सरासरीनं सारखीच. फरक एकच, नियमाची रेघ. रेघेच्या एका बाजूला लस घेतलेले जवळजवळ शून्य, दुसऱ्या बाजूला ४७ टक्के. कुणी चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत, तसे ते जन्मतारखेनंच पडले.

पुढच्या सात वर्षांत काय झालं? लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं नवं निदान सुमारे एक पंचमांशानं कमी झालं. आता माझा नेहमीचा प्रश्न, शंभरांतली किती माणसं? ऐंशीच्या आसपासच्या शंभर जणांनी लस घेतली, तर सात वर्षांत साधारण तीन ते चार जणांचं निदान टळलं. बायकांमध्ये परिणाम जास्त दिसला. संशोधकांनी उलटतपासणीही केली. त्याच रेघेच्या दोन बाजूंना इतर आजारांत असा फरक पडतो का, हे पाहिलं. पडला नाही. पुढे ऑस्ट्रेलियातल्या अशाच रेघेवरही निष्कर्ष त्याच दिशेनं आला.

नागीण आणि मेंदू एकमेकांपासून वाटतात तेवढे लांब नाहीत. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी तो विषाणू शरीर सोडत नाही, पाठीच्या कण्याजवळच्या मज्जागाठींत दडून बसतो. वयानं प्रतिकारशक्ती उतरली की तो मज्जातंतूच्या वाटेनं त्वचेवर येतो, म्हणून नागीण एका बाजूला पट्ट्यासारखी उठते. त्याचं हे अधूनमधून जागं होणं मेंदूलाही सूज देत असावं, आणि लस ते थांबवत असावी, हा एक तर्क. लस एकूण प्रतिकारशक्तीलाच वळण लावते, हा दुसरा. निकाल अजून लागलेला नाही.

वेल्समधली लस जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची होती. आता जास्त वापरली जाते ती विषाणूच्या एका प्रथिनाची, दोन डोसांची लस. सत्तरीच्या पुढच्यांतही ती चाचणीत नागिणीपासून जवळपास ९० टक्के संरक्षण देणारी ठरली. ती घ्याच, पण नागिणीसाठी घ्या. पुरळ वाळून गेल्यावरही महिनोन् महिने उरणारी ती जळजळती वेदना मी पाहिली आहे, अंगाला कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही. ती टळली तरी लस सार्थकी लागली. स्मृतीचा लाभ झाला, तर तो वर मिळालेला समजा. डोसनंतर एक-दोन दिवस दंड दुखेल, अंग मोडून येईल, तेवढं सोसा.

प्रश्न: हृदयविकाराच्या झटक्यानंतर कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू केली. पोटऱ्या इतक्या दुखतात की बंद केली. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मला खोटं ठरवल्यासारखं वाटतं.

उत्तर: तुमची वेदना खरी आहे, हे पहिल्यांदा. आता २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग सांगते. तुमच्यासारख्याच, त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभराच्या बाटल्या दिल्या. चार महिन्यांच्या खऱ्या स्टॅटिनच्या, चार महिन्यांच्या औषध नसलेल्या हुबेहूब गोळ्यांच्या, आणि चार महिने रिकाम्या. क्रम चिठ्ठ्या टाकून. रोज त्रासाला १०० पैकी गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८ गुण, औषध नसलेल्या गोळीत १५.४, खऱ्या स्टॅटिनमध्ये १६.३. म्हणजे गोळीनं वाढलेल्या त्रासाचा जवळजवळ ९० टक्के भाग औषधाविना, गोळी घेण्यातून आला होता. त्रास होईल या अपेक्षेनं शरीर खरोखर दुखतं. ढोंग त्यात कुणाचंच नसतं. स्वतःचे गुण बघितल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

झटका येऊन गेलेल्या माणसानं ही गोळी सोडून देणं मला अतिशय धोक्याचं वाटतं. डॉक्टरांना सांगून कमी डोस, दुसरं स्टॅटिन, एक दिवसाआड असं करून बघता येतं. मात्र स्नायूंत अशक्तपणा आला, जिना चढवेना, लघवी गडद तपकिरी झाली, तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. ते दुर्मीळ आहे, पण ते औषधामुळेच होऊ शकतं.

प्रश्न: वजनाचं साप्ताहिक इंजेक्शन सहा महिने घेऊन बंद केलं तर चालेल का?

उत्तर: बंद करता येतं, वजन बहुधा परत येतं. सेमाग्लुटाइड या अशाच इंजेक्शनच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, औषध नसलेल्या गटात २.४ टक्के. बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं. त्यांची जिद्द कमी पडली, असं म्हणू नका. आतड्यातून येणारा भूक भागल्याचा निरोप शरीरात दोन-तीन मिनिटांत नष्ट होतो, औषध त्याची आठवडाभर टिकणारी नक्कल करतं. नक्कल थांबली की भूक परत येते. रक्तदाबाची गोळी सोडल्यावर रक्तदाब चढतो, तेव्हा आपण माणसाला दोष देत नाही. एक गोष्ट विसरू नका: हे इंजेक्शन चालू असताना ऑपरेशन ठरलं, तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. जठर सावकाश रिकामं होतं, आणि भुलेत पोटातलं अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

जाता जाता, तीन महिन्यांपूर्वीच्या एका पत्राबद्दल. एका वाचक भगिनीचं टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) खूप कमी आणि टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) जास्त आलं होतं. थायरॉइड जोरात चालतंय म्हणून गोळ्या सुरू होणार होत्या. पण वजन घटलेलं नाही, धडधड नाही, हात थरथरत नाहीत. मी त्यांना खासगी पत्रानं एवढंच विचारलं होतं, "केसांसाठी काही घेता का?" त्या बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळी रोज घेत होत्या. मोठ्या माणसाची दिवसाची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीत तिच्या तीनशेपट. लॅबमधली बरीच यंत्रं संप्रेरक पकडण्यासाठी बायोटिनचाच चिमटा वापरतात. रक्तात बायोटिनचा पूर असला की तो चिमटा आधीच भरून जातो, आणि टीएसएच खोटं कमी, टी-४ खोटं जास्त येतं. हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिन चाचणीही यामुळे खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये तसा इशारा दिला, त्यात एका मृत्यूचाही उल्लेख होता.

त्यांनी गोळी आठवडाभर थांबवून रक्त पुन्हा दिलं. काल त्यांचं पत्र आलं. टीएसएच २.१. थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्याच नाहीत. त्यांनी विचारलंय, की लॅबला हे आधी सांगायला हवं होतं का? हो, सांगायला हवं होतं, आणि आम्हीही विचारायला हवं होतं. माझ्या लॅबमध्ये रक्त घेण्याच्या फॉर्मवर आता तो प्रश्न छापून घेतला आहे.